मनगटावर कळतं ते गालावर कळत नाही

मुंबईत मोहम्मद अली रोडवरच्या अत्तराच्या दुकानात विकणारा घाई करत नाही. मागच्या फडताळातून बुटकी कुपी काढतो, काचेची कांडी तुमच्या पंजाच्या मागच्या बाजूला टेकवतो आणि म्हणतो, "अभी मत सूंघो, थोडा बैठने दो." पहिल्या क्षणी नाकात शिरतो तो वास टिकणारा नसतो, हे त्याला धंद्यात मुरल्यामुळे पक्कं माहीत असतं. लिंबू-संत्र्याच्या जातीचे हलके रेणू दहा-पंधरा मिनिटांत उडून जातात, मग फुलांचा वास वर येतो आणि चंदन, ऊद, व्हॅनिला असले जड वास संध्याकाळपर्यंत कातडीला धरून राहतात. कनौजच्या अत्तरापासून पॅरिसच्या बाटलीपर्यंत सगळ्यांना कमी-अधिक हाच न्याय.

मॉलमधल्या काउंटरवर मात्र कागदाची पट्टी हुंगवतात आणि पाच मिनिटांत बिल करतात. पट्टीवर आवडलेला वास घरी आल्यावर अंगावर वेगळाच येतो, मग बाटली कपाटात पडून राहते. यावर उपाय फुकटातला आहे. मनगटावर एक फवारा मारून घ्यायचा, बाकीची खरेदी उरकायची आणि तासाभराने पुन्हा हुंगायचं. एका वेळी दोन-तीनच वास बघायचे, कारण त्यानंतर नाक दमतं. मध्ये मध्ये कॉफीच्या बिया हुंगायला देतात, ती दुकानाची ऐट. दाराबाहेर जाऊन चार श्वास घेतले तरी भागतं.

लिप ग्लॉसचंही तसंच. रंग आरशात दिसतो, चिकटपणा ओठांना कळतो आणि तो किती वेळ राहतो हे चहाच्या पहिल्या घोटाला कपाच्या कडेवर उमटतं. इथे सांभाळायची ती फक्त स्वच्छता. दुकानातल्या टेस्टरची कांडी सकाळपासून किती ओठांवर फिरली आहे देव जाणे. ओठांवर तापाची पुळी उठवणारा हर्पीसचा विषाणू अशा वाटेने जाऊ शकतो. रंगच बघायचा तर मनगटावर ओढून बघावा.

मला या सगळ्याची हौस आहे, आणि हौसेला मोल नसतं असं म्हणणाऱ्यांच्या बाजूची मी आहे. बायका नटण्यामुरडण्यावर पैसे उधळतात म्हणून नाकं मुरडणाऱ्यांना मोबाइलच्या दर वर्षीच्या नव्या मॉडेलवरचा खर्च दिसत नाही. तेव्हा तक्रार हौसेबद्दल नाही. तक्रार आहे ती त्याच काउंटरवर, त्याच दिव्यांखाली आणि त्याच भाषेत विकल्या जाणाऱ्या तिसऱ्या वस्तूबद्दल. वय लपवणारी, सुरकुत्या घालवणारी, त्वचा 'पुन्हा तरुण' करणारी क्रीम आणि सीरम. "ट्राय करून तर बघा ना, मॅडम," असं तिथेही म्हणतात. पण अत्तर आणि लिप ग्लॉस यांची परीक्षा गिऱ्हाईक करू शकतं, या क्रीमची करू शकत नाही. म्हणून तिची परीक्षा आधी झाली आहे की नाही, हे बघण्याचं काम गिऱ्हाइकावर सोडणं गैर आहे.

काउंटरवरची मुलगी काय करते ते बारकाईने बघा. तुमच्या एका हाताच्या मागच्या बाजूला क्रीम चोळते, दुसरा हात तसाच ठेवते आणि दोन्ही हात दिव्याखाली शेजारी शेजारी धरायला लावते. "बघा, फरक!" आणि फरक खरंच असतो. क्रीम लावलेला हात तुकतुकीत, भरल्यासारखा. न लावलेला कोरडा, बारीक रेघांचा. त्या मुलीची लबाडी यात काही नाही, तिला महिन्याचं टार्गेट असतं. पण ती करामत ग्लिसरीनची आणि सिलिकोनची असते. ग्लिसरीन कातडीच्या वरच्या थरात पाणी धरून ठेवतं, त्यामुळे बारीक रेघा फुगून बुजतात. सिलिकोन खाचांत बसतं आणि उजेड सारखा परतवतं. रात्री तोंड धुतलं की रेघा जागेवर. कोपऱ्यावरच्या मेडिकलमधल्या स्वस्त मॉइश्चरायझरनेही दोन हातांत साधारण तेवढाच फरक दिसला असता.

आता समजा, तुम्ही ती बाटली घेतली आणि नेमाने तीन महिने लावली. नोव्हेंबरात सुरुवात केलीत तर मध्ये थंडी येऊन जाते, हवेतला कोरडेपणा बदलतो. त्याच काळात तुम्ही पाणी जास्त प्यायला लागता, उन्हात जाताना ओढणी घेता, पार्लरमध्ये एखादं फेशियलही होतं. शेवटी आरशात चेहरा बरा वाटला, तर श्रेय कोणाचं? तुमच्याजवळ दुसरा चेहरा नाही, ज्याला हे काहीच लावलं नव्हतं आणि ज्याच्याशी ताडून बघता येईल. शिवाय दोन हजार रुपये मोजल्यावर 'काहीच फरक नाही' हे स्वतःशी कबूल करणं जड जातं. आणि सुरकुती वाढली असेल तर? तर विकणारा म्हणणार, ही लावली नसती तर याहून वाढली असती. तुम्ही काय उत्तर देणार!

वयाचा त्वचेवरचा परिणाम कशाने कमी होतो, हे माणसाला अजिबात माहीत नाही असं नाही. पण ते कसं कळलं, ते बघण्यासारखं आहे. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडमधल्या नंबोर या गावी पंचावन्नच्या आतल्या ९०३ लोकांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट केले. काहींना रोज सनस्क्रीन लावायला सांगितलं, बाकीच्यांना मर्जीवर सोडलं. सुरुवातीला आणि साडेचार वर्षांनी हाताच्या मागच्या बाजूचा सिलिकोनचा ठसा घेतला आणि कोण कोणत्या गटातला हे ठाऊक नसलेल्या तपासनिसांनी ते ठसे वाचले. या काळात त्वचा जून होण्याचं प्रमाण रोज लावणाऱ्यांत २४ टक्के कमी दिसलं. हा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या आदल्या वर्षी अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात ६९ वर्षांच्या ट्रकचालकाचा फोटो आला होता. अठ्ठावीस वर्षं खिडकीच्या काचेतून ऊन खाल्लेला त्याचा डावा गाल उजव्या गालाहून पार सुरकुतलेला होता. (आपल्याकडे गाडीचं चाक उजवीकडे, तेव्हा आपल्या ट्रकवाल्यांचा उजवा गाल बघायला हवा.) दुसरं ठाऊक असलेलं औषध म्हणजे ट्रेटिनॉइन. मुरमांसाठी वापरलं जाणारं हे औषध उन्हाने जून झालेली त्वचा सुधारतं, असं अमेरिकेतले त्वचारोगतज्ज्ञ आल्बर्ट क्लिगमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये दाखवलं. तरी या कामासाठी तिथली सरकारी मंजुरी यायला १९९५ साल उजाडलं. ते औषध आहे, चेहरा सोलवटतं, दिवस गेलेल्या बाईने लावायचं नसतं आणि आपल्याकडे ते डॉक्टरच्या चिठ्ठीवरच मिळायला हवं.

म्हणजे जे दोन उपाय बऱ्यापैकी खात्रीचे आहेत, ते कोणा एकीने 'लावून बघितलं आणि मला मानवलं' यातून सापडलेले नाहीत. शेकडो माणसं, अनेक वर्षं, तुलनेचा गट, मोजमाप, यातून सापडले. काउंटरवरच्या बाकीच्या बाटल्यांपैकी काही या उपायांच्या नात्यातल्या आहेत. रेटिनॉल हे ट्रेटिनॉइनचं सौम्य भावंड, त्वचेत गेल्यावर त्याचा थोडा भाग मूळ औषधासारखा होतो. पण किती टक्के घातलंय यावर सगळं अवलंबून आणि अनेक बाटल्यांवर तो आकडाच नसतो. व्हिटॅमिन सी नीट बनवलेलं, ताजं असेल तर उपयोगाचं. पण हवा आणि उष्णता लागली की ते तपकिरी पडतं, आणि मुंबईच्या मे महिन्यात बाटलीचं काय होत असेल याचा अंदाज करा. कोलॅजनचा रेणू तर इतका अवजड की चोळून तो कातडीच्या आत उतरतच नाही, वर बसून ओलावा धरतो इतकंच. पण खोक्यावर 'कोलॅजन' मोठ्या अक्षरात.

कायद्याचं काय? आपला औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० चा आहे. शरीरशुद्धीसाठी, सुंदर दिसण्यासाठी, रूप बदलण्यासाठी जे चोळायचं, शिंपडायचं किंवा फवारायचं ते सौंदर्यप्रसाधन. शरीराच्या रचनेवर किंवा कामावर परिणाम करायला वापरायचं ते औषध. औषधाला गुण सिद्ध करावा लागतो, प्रसाधनाला नाही. आता सुरकुत्यांची क्रीम खरोखर त्वचेची रचना बदलत असेल, तर ते औषध झालं. बदलत नसेल, तर दावा पोकळ ठरला. या कात्रीतून कंपन्यांनी सुरेख वाट काढली आहे. सुरकुत्या कमी 'होतात' असं त्या म्हणत नाहीत, कमी 'दिसतात' म्हणतात. वर जाहिरातीत पाठीमागे पांढरा डगला घातलेली व्यक्ती, काचेच्या नळ्या, डीएनएची गोल फिरणारी शिडी. पडद्याच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत दोन सेकंद चमकून जातं की वरची टक्केवारी वापरणाऱ्या महिलांच्या स्वतःच्या मतावर आधारित आहे. किती महिला, किती आठवडे, त्यांना क्रीम फुकट दिली होती का, हे वाचेपर्यंत पुढची जाहिरात लागलेली असते.

खोटा दावा करू नये असा नियम आपल्याकडे नाही का? आहे की! सौंदर्यप्रसाधनांचे २०२० चे नियम आहेत, २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे, दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. अडचण अशी की पुरावा मागितला जातो तो कोणी तक्रार केली तर, आणि तक्रार करणाऱ्याने काय सिद्ध करायचं ते ऐका. दिल्लीत एका माणसाने ७९ रुपयांची पुरुषांची फेअरनेस क्रीम घेतली, सांगितल्याप्रमाणे लावली, गोरेपणा काही आला नाही. २०१३ मध्ये त्याने ग्राहक मंचात धाव घेतली. कंपनीने बचावात सांगितलं की त्याने ती नीट वापरली याला पुरावा काय? शिवाय गुण यायचा तर सकस आहार, व्यायाम, चांगल्या सवयी हेही लागतं. खोक्यावर यातलं काही लिहिलेलं नव्हतं, हे त्या मंचानेच (आता त्याला आयोग म्हणतात) नोंदवलं आणि डिसेंबर २०२४ मध्ये साडेचौदा लाख रुपयांचा दंड ठोठावला. दंडाची बातमी झाली, पण मला त्यातली अकरा वर्षं दिसतात. एका माणसाने स्वतःच्या गालावर केलेला प्रयोग कोर्टात पुरावा म्हणून किती लंगडा पडतो, ते कंपनीच्या वकिलांनी चोख दाखवलं. ते चुकीचं बोलत नव्हते! मग तोच प्रयोग विक्रीच्या वेळी 'ट्राय करून बघा' म्हणून पुरेसा कसा?

यावर घराघरांत एक उत्तर तयार असतं. कशाला हवीत ती रसायनं, बेसन-हळद-साय लावा, आमच्या आज्या काय क्रीम लावत होत्या? आज्यांबद्दल पूर्ण आदर ठेवून सांगते, हे उत्तर निम्मंच खरं आहे. उटण्यात लिंबू पिळून उन्हात गेलं, तर लिंबातली काही द्रव्यं उन्हाशी मिळून कातडी भाजल्यासारखे डाग पाडतात. टिकलीच्या डिंकातल्या एका रसायनाने कपाळावर पांढरा ठिपका पडलेल्या बायका त्वचारोगतज्ज्ञांनी वर्षानुवर्षं पाहिल्या आहेत. अंगाला रसायन आणि झाडपाला यांतला भेद कळत नाही.

आणि वय लपवण्यात आपण मुळीच मागे नाही. आपल्याकडचं खरं लाडकं वयरोधक प्रसाधन म्हणजे हेअर डाय. त्यात बाई-पुरुष भेद नाही, शहर-खेडं नाही, आणि पक्षभेद तर अजिबातच नाही. कुठल्याही पक्षाच्या व्यासपीठावर साठीतले पांढरे केस शोधावे लागतात. काळ्या डायमध्ये बहुतेक वेळा पीपीडी नावाचं द्रव्य असतं, झटपट 'काळ्या मेंदी'तही असतं, आणि ते काहींना भयंकर बाधतं. डोळे सुजून बंद होतात, कपाळ आणि कानामागची त्वचा काळवंडते. म्हणून कायद्याने अशा डायच्या पाकिटावर सूचना छापायला लावली आहे, इंग्रजीत आणि स्थानिक भाषेत: कानामागे किंवा हाताच्या आतल्या बाजूला थोडं लावून चोवीस तास थांबा, मगच वापरा. भुवयांना, पापण्यांना लावू नका, आंधळेपण येऊ शकतं. 'ट्राय करून बघा' याचा हा खरा, कायद्यातला अर्थ. आता सांगा, रविवारी सकाळी डोक्याला डाय लावणाऱ्यांपैकी कोणी शनिवारी कानामागे लावून बघतं? सलूनमध्ये तरी कोणी विचारतं? तेव्हा लोकांना सावध केलं की काम संपलं, असं मानणाऱ्यांनी या पाकिटाकडे बघावं.

इथवर निदान छापील खोक्यांबद्दल बोललो. तालुक्याच्या गावी खरा धोका बिनछापील डबीत असतो. पार्लरमध्ये, कटलरीच्या दुकानात, पांढऱ्या डबीत 'नाइट क्रीम' मिळते. नाव नाही, घटक नाहीत, उत्पादकाचा परवाना क्रमांक नाही. आठ दिवसांत चेहरा उजळतो, म्हणून बाई मैत्रिणीलाही सांगते. इतक्या झटपट उजळवणाऱ्या क्रीममध्ये पारा किंवा स्टेरॉइड असण्याची शंका घ्यावी. मेडिकलवाला देतो त्या 'मिक्स' क्रीमच्या ट्यूबमध्येही स्टेरॉइड असतं. २०१८ मध्ये अशा मलमांना डॉक्टरची चिठ्ठी सक्तीची झाली तरी 'ती पिवळी ट्यूब द्या' म्हणून ती मिळतेच. ती बंद केली की चेहरा लालबुंद होतो, आग होते, पुळ्या येतात, लव वाढते, म्हणून बाई पुन्हा तीच लावते. पाऱ्याचं तर त्याहून वाईट. नियमाप्रमाणे चेहऱ्याच्या क्रीममध्ये नकळत आलेला पारासुद्धा दहा लाखांत एक भागापेक्षा जास्त चालत नाही. २०२३ च्या सुरुवातीला अकोल्यातल्या एकाच घरातल्या तिघींच्या मूत्रपिंडांना इजा झाल्याची बातमी आली, तेव्हा तपासणीत त्यांच्या क्रीममध्ये या मर्यादेच्या कितीतरी पट पारा निघाला होता. त्याच वर्षी केरळात मलप्पुरम जिल्ह्यातून तशाच रुग्णांच्या बातम्या आल्या. या बायकांनी ट्राय करून बघितलं होतं, आणि क्रीम 'चालत' होती! रंग उजळत होता. म्हणजे स्वतः केलेल्या परीक्षेत पास झालेली वस्तू घातकही असू शकते.

मग करायचं काय? बंदी नको. बंदीने काउंटर बंद होईल, पांढरी डबी चालूच राहील. मागणी साधी आहे. जी वस्तू सुरकुत्या, वय, तारुण्य यांबद्दल दावा करते, तिने त्या दाव्याचा आधार तक्रारीची वाट न बघता आधीच उघड करावा. खोक्यावर क्यूआर कोड अनेकदा असतोच, तो मोबाइलने उघडला की सरळ भाषेत कळावं: किती माणसांवर, किती आठवडे, तुलनेला दुसरी साधी क्रीम होती का, सुरकुती यंत्राने मोजली की वापरणाऱ्यांना विचारलं. मुख्य घटकाचं प्रमाण टक्क्यांत छापावं. युरोपात दाव्यामागे पुरावा असण्याची सक्ती २०१३ पासून आहे आणि चेहऱ्यावरच्या प्रसाधनात रेटिनॉल ०.३ टक्क्यांच्या वर न घालण्याचा नियम २०२४ मध्ये झाला. त्यामुळे तिथली दुकानं ओस पडलेली नाहीत.

यावर एक आक्षेप मला खरोखर महत्त्वाचा वाटतो. भीमथडी जत्रेत, महालक्ष्मी सरसमध्ये बचत गटांच्या बायका साबण, उटणं, तुपाचा लिप बाम घेऊन बसतात. परवान्याचे कागद गोळा करतानाच त्यांची दमछाक होते. त्यांच्यावर अभ्यासांचा आणि यंत्रांचा खर्च लादला, तर मोठ्या कंपन्यांना रान मोकळं होईल. आक्षेप बरोबर आहे, पण ही अट वस्तूवर नाही, दाव्यावर आहे. उटणं अंग मऊ करतं, सुवास देतं एवढंच म्हणणाऱ्या बाईला काही सिद्ध करावं लागणार नाही, ते गिऱ्हाइकाच्या हाताला तिथल्या तिथे कळतं. 'दहा वर्षं तरुण व्हा' असं लिहायचा मोह तिनेही आवरावा, एवढंच. उलट मोठ्या कंपनीची बाटली आणि तिचा बाम यांच्यातला तो पांढऱ्या डगल्याचा फरक गळून पडला, तर फायदा तिचाच होईल.

दुसरा आक्षेप स्वातंत्र्याचा. मोठी माणसं आहेत, पैसे त्यांचे, चेहरा त्यांचा. मान्य. पण आता चेहरा आठवीतल्या मुलीचाही असतो. तेरा-चौदाव्या वर्षी त्वचा मुळात तुकतुकीत असते, तिला रेटिनॉल आणि आम्लांची सीरम लावली तर जळजळ, लाली आणि कोरडेपणाच पदरी पडतो. स्वीडनमधल्या औषध दुकानांच्या एका मोठ्या साखळीने अशी प्रसाधनं लहान मुलांना विकण्यावर आपण होऊन वयाची अट घातली. आपल्याकडे ऑनलाइन मागवताना वय कोणी विचारत नाही. घरी नातीचं खोकं उघडताना आजी म्हणते, वाढदिवसाचं असेल.

दिल्लीत नियम बदलायचे तेव्हा बदलतील, पण राज्याला त्यासाठी थांबायचं कारण नाही. अन्न व औषध प्रशासनाच्या निरीक्षकांना पार्लर आणि कटलरीच्या दुकानांतून बिननावाच्या डब्यांचे नमुने उचलण्याचा अधिकार आजही आहे. नापास औषधांची यादी केंद्रीय यंत्रणा दरमहा जाहीर करते. पारा आणि स्टेरॉइड सापडलेल्या क्रीमची तशीच यादी जिल्हावार निघावी, मराठीत, डबीच्या फोटोसकट, आणि ती तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात आणि मेडिकलच्या काउंटरवर लागावी. सुरुवात लग्नसराईच्या आधी केलेली बरी, कारण पांढऱ्या डब्यांचा मोसम तोच.